कडपा उचलू का? बंगालच्या उपसागरातलं वादळ झाडीपट्टीतून कसं वाचायचं

ऑक्टोबरच्या शेवटी आमच्याकडे झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, हलका (लवकर येणारा) धान कापून होतो आणि कडपा, म्हणजे कापून आडव्या टाकलेल्या धानाच्या मुठी, बांधीत (धानाच्या वाफ्यात) पसरलेल्या असतात. तीन-चार दिवस चांगलं ऊन मिळालं की त्या वाळतात. मग भारे बांधायचे, पुंजणं (भाऱ्यांचा ढीग) रचायचं आणि सवडीने मळणी. वर्षभराच्या मेहनतीतले सगळ्यात उघडे दिवस हेच. उभा धान एखादा पाऊस सोसून घेतो. नीट रचलेल्या पुंजण्यावर ताडपत्री टाकली की तेही वाचतं. पण कडपा भिजल्या आणि बांधीत पाणी साचलं, तर दाणा काळा पडतो आणि दोन-तीन दिवसांत लोंबीतच कोंब दिसायला लागतात.

नेमक्या याच दिवसांत बंगालच्या उपसागरात वादळं तयार होतात. आणि दरवर्षी कुणीतरी संध्याकाळी दारात येऊन विचारतंच, "काय जी गुरुजी, वादळ तं किनाऱ्यावर आपटलं म्हनते टीव्हीवाला. कमजोर झालं म्हनते. मग कडपा राहू देऊ का उचलू?"

मी हवामानाचा पदवीधर नाही. चंद्रपूर जिल्ह्यात ब्रह्मपुरी तालुक्यातल्या शाळेत शिकवतो, घरची धानाची शेती आहे, आणि काही वर्षांपासून वादळांचा माग काढून वहीत नोंदी ठेवतो. त्या प्रश्नाचं उत्तर देताना मी काय पाहतो आणि का पाहतो, ते इथे मांडतो आहे. फोन आणि थोडी चिकाटी असेल तर हे कुणालाही जमण्यासारखं आहे.

आधी टीव्हीवरच्या बातमीचं बघू. "वादळ कमजोर झालं" हे खोटं नसतं, पण ते वाऱ्याबद्दल असतं. हवामान खातं वादळाची पायरी वाऱ्याच्या वेगावर ठरवतं. ताशी ३१ किमीच्या आत वारा असेल तर कमी दाबाचं क्षेत्र, ३१ ते ४९ असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ असेल तर डीप डिप्रेशन. वारा ६२ च्या वर गेला की चक्रीवादळ, आणि त्याला नाव मिळतं ते याच पायरीवर. पुढे तीव्र, अतितीव्र असं चढत २२२ किमीला महाचक्रीवादळ. या सगळ्या शिडीत पावसाचा शब्दही नाही. किनाऱ्यावरच्या माणसाला वाऱ्याची भीती असते, घराचे पत्रे उडतात, समुद्र आत येतो, म्हणून शिडी वाऱ्याची. आपण समुद्रापासून पाचशे-साडेपाचशे किमी आत बसलो आहोत. आपल्यापर्यंत वारा क्वचितच पोहोचतो, पाणी मात्र पोहोचतं.

असं का होतं हे कळायला वादळ कशावर चालतं ते पाहावं लागेल. पातेल्यातलं पाणी उकळी येईपर्यंत तापवायला जेवढी आंच लागते, तेच पाणी पूर्ण आटवायला तिच्या सहा-सात पट लागते. ही आटवण्याची आंच कुठे नाहीशी होत नाही, ती वाफेत दडून राहते. वाफेचे पुन्हा थेंब झाले की ती बाहेर पडते. समुद्राचं पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर आणि पन्नासेक मीटर खोलीपर्यंत तापलेलं असेल तर वाफेचा पुरवठा अखंड चालतो. वाफ वर जाते, ढग होतात, दडलेली उष्णता मोकळी होते, हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब उतरतो आणि चहूबाजूंनी हवा आत ओढली जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून आत येणारी ही हवा सरळ न येता वळते. आपल्या उत्तर गोलार्धात ती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फेर धरते.

किनारा ओलांडला की चुलीखालचं लाकूड काढून घेतल्यासारखं होतं. खाली समुद्र नाही, वाफ नाही. डोंगर, झाडं, गावं यांना घासून वारा मंदावतो. पण आतापर्यंत वर उचललेलं पाणी हवेतच असतं आणि फेराही पुरता मोडलेला नसतो. तो ताशी पंधरा-वीस किमीने ओडिशा, छत्तीसगड किंवा तेलंगणातून पश्चिमेकडे सरकत राहतो. पाचशे किमीला भागून पाहा. किनारा ओलांडल्यापासून साधारण एक ते दीड दिवसात तो आपल्या डोक्यावर येतो. टीव्हीवाले तोवर दुसऱ्या बातमीवर गेलेले असतात.

२०२१ चं गुलाब वादळ आठवा. २६ सप्टेंबरच्या संध्याकाळी ते आंध्रच्या कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आलं. फार मोठं वादळ नव्हतं, दुसऱ्या दिवशी तर ते डिप्रेशनच्या पायरीवर उतरलं होतं. २८ तारखेला त्याचं उरलंसुरलं अंग तेलंगणा, मराठवाडा आणि विदर्भाच्या सीमेवर होतं. त्याच दिवशी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ दहागावच्या नाल्याला आलेल्या पुरात एसटी वाहून गेली आणि माणसं दगावली. किनाऱ्यापासून ती जागा जवळपास ७०० किमी आत आहे. पुढे त्याच वादळाचे अवशेष अरबी समुद्रात उतरले, तिथे पुन्हा पाणी पिऊन शाहीन नावाचं नवं वादळ झालं आणि ते ओमानला जाऊन धडकलं. ज्याला सगळे "संपलं" म्हणत होते, त्याची ही कथा आहे. म्हणून वादळाला नाव आहे की नाही, ते कमजोर झालं की नाही, याकडे मी दुसऱ्यांदा पाहत नाही. मी विचारतो, केंद्र कुठून जाणार आणि आमचं गाव त्याच्या कोणत्या कोपऱ्यात येणार?

फोन नसतानाही हे थोडंफार ओळखता येतं. बाईस बॅलट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १८५७ मध्ये मांडलेला नियम आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. जमिनीच्या घर्षणामुळे ते अगदी काटकोनात न राहता डावीकडे किंचित पुढच्या बाजूला असतं. मी हे शाळेच्या पटांगणात पोरांकडून करून घेतो. ऑक्टोबरातल्या एखाद्या वादळाच्या वेळी वारा उत्तर-ईशान्येकडून येत असतो. पोरं त्याला पाठ देऊन उभी राहतात, म्हणजे तोंड दक्षिण-नैऋत्येला. डावा हात लांब केला की बोट आंध्रच्या किनाऱ्याकडे जातं. दुसऱ्या दिवशी वारा पूर्वेकडून यायला लागला, तर पाठ पूर्वेला, तोंड पश्चिमेला आणि डावा हात दक्षिणेला. याचा अर्थ केंद्र आपल्या दक्षिणेकडून, तेलंगणातून सरकतं आहे. वारा उत्तरेकडून वायव्येला आणि मग पश्चिमेला फिरला, तर केंद्र आपल्या उत्तरेकडून, बालाघाट-शिवनीच्या बाजूने गेलं.

एक पथ्य मात्र पाळायचं. अंगणातल्या पानांवरून वारा ठरवू नका. घरं, झाडं, जवळचा एखादा गडगडणारा ढग वारा फिरवून टाकतात. खालच्या थरातले ढग कुठून कुठे धावतात ते पाहा, ते खोटं बोलत नाहीत.

काही फोनमध्ये हवेचा दाब मोजायची सोय असते. तिचा उपयोग होतो, पण नवखा माणूस इथे हमखास चुकतो. आपल्याकडे दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या आणि रात्री दहाच्या सुमारास वर, पहाटे चारच्या आणि दुपारी चारच्या सुमारास खाली. वादळ नसतानाही हा फरक तीन-चार मिलिबारचा असतो. दुपारी तीन वाजता "दाब पडला" म्हणून घाबरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करायची. त्याच वेळेला दाब कालपेक्षा तीन-चारने खाली असेल, तर काहीतरी खरंच जवळ येतं आहे.

आता फोनवरच्या चित्रांकडे येऊ. इन्सॅट मालिकेतल्या उपग्रहांची चित्रं हवामान खात्याच्या संकेतस्थळावर कुणालाही बघता येतात आणि दर अर्ध्या तासाला, कधी त्याहून लवकर बदलतात. रात्रीसाठी इन्फ्रारेड चित्र उघडा. त्यात थंड गोष्ट पांढरी दिसते. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड, म्हणून पांढराशुभ्र गोळा म्हणजे उंच चढलेला, जोरात बरसणारा ढग. चित्रावर लिहिलेली वेळ बहुतेकदा जागतिक वेळ असते, तिच्यात साडेपाच तास मिळवायचे. हे न केल्याने जुनं चित्र ताजं समजून लोक पुढे पाठवतात.

एका चित्राने काही कळत नाही. सहा-आठ चित्रं ओळीने फिरवून बघा आणि दोनच गोष्टी शोधा. ढग केंद्राभोवती गुंडाळले जात आहेत का? आणि ढगांचा गठ्ठा केंद्रावरच आहे की एका बाजूला ढकलला गेला आहे? खालचे वारे एका दिशेने आणि वरचे दुसऱ्या दिशेने असतील तर वादळाचं डोकं धडावरून सरकतं. असं वादळ वाऱ्याने वाढत नाही. पण आपल्या दृष्टीने त्यातला दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ढग पश्चिमेला ढकललेले असतील तर पाऊस केंद्राच्या कितीतरी आधी आपल्याकडे पोहोचतो. "अजून तं लय दूर आहे" म्हणत बसलेला माणूस भिजतो तो यामुळे.

ढगांच्या आकारावरून वादळाची ताकद मोजायची पद्धत व्हर्नन ड्व्होरॅक या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात बसवली. चित्रातल्या गुंडाळीला १ ते ८ असा टी-क्रमांक द्यायचा. २.५ आला म्हणजे चक्रीवादळाची पायरी. समुद्रात मधोमध वारा मोजायला कुणी बसलेलं नसतं, म्हणून आपलं हवामान खातंही हीच पद्धत वापरतं. हौशी मंडळी या आकड्यात फार रमतात. मीही रमायचो. पण कडपांच्या प्रश्नाला त्याने उत्तर मिळत नाही, म्हणून हळूहळू सोडलं.

वादळ आत आलं की उपग्रहापेक्षा रडार कामाचं. नागपूरचं डॉपलर रडार पावसाच्या थेंबांवरून परत येणाऱ्या लहरी टिपतं आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी नवं चित्र देतं. पुढच्या दोन-तीन तासांसाठी याच्याइतकं भरवशाचं दुसरं साधन नाही. रडारचा किरण सरळ जातो आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे दूरच्या गावांवरून तो फार उंचावरून निघून जातो आणि खालचा पाऊस त्याला दिसत नाही. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला रडार कोरडं दाखवतं आणि तिथे मात्र झड लागलेली असते, असं होऊ शकतं.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो मॉडेलांच्या बाबतीत, म्हणून तिथे थोडं थांबतो. विंडीसारख्या ॲपवर आपण जे रंगीत नकाशे बघतो ते फोटो नसतात, ते गणित असतं. आत्ताचं तापमान, दाब, वारा, ओलावा घेऊन संगणक पुढची हवा मोजत जातो. अमेरिकेचं जीएफएस मॉडेल दिवसातून चारदा चालतं, आपल्या घड्याळाने सकाळी साडेपाच, साडेअकरा, संध्याकाळी साडेपाच आणि रात्री साडेअकराच्या हवेपासून सुरुवात करून. गणित होऊन नकाशे हाती यायला आणखी काही तास जातात. युरोपचं मॉडेल आहे, आपल्या देशाचीही आहेत. सगळ्यांची सुरुवातीची माहिती थोडी थोडी चुकीची असते, कारण समुद्रावर प्रत्येक ठिकाणी मोजमाप नाही.

ही थोडीशी चूक किती मोठी होते ते अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये अचानक दिसलं. संगणकावर हवेचं गणित पुन्हा चालवताना त्यांनी ०.५०६१२७ ऐवजी ०.५०६ एवढाच आकडा भरला. सुरुवातीला दोन्ही उत्तरं हातात हात घालून चालली, नंतर फाटत गेली आणि शेवटी त्यांचा एकमेकांशी काही संबंध उरला नाही. हजारातल्या भागाहून लहान फरक होता. म्हणून दहा दिवसांपुढचा एकच नकाशा दाखवून "अमुक तारखेला वादळ येणार" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नये, मग तो कितीही चांगल्या मनाचा असो.

हे मी कळवळून सांगतो, कारण मीच ते केलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये एका मॉडेलच्या दूरच्या नकाशावर उपसागरात भलंमोठं वादळ उमटलं आणि "महाचक्रीवादळ" म्हणून ते फोनाफोनांवर फिरलं. हवामान खात्याने असा कुठलाही अंदाज दिलेला नव्हता. मी तो नकाशा चहाच्या टपरीवर दाखवला. दोन घरांनी घाईने धान कापला, दाण्यात अजून हिरवेपणा होता. सितरंग नावाचं वादळ आलं, पण चक्रीवादळाच्या पहिल्याच पायरीवर राहिलं, उत्तरेकडे आणि मग ईशान्येकडे वळलं आणि २४ ऑक्टोबरच्या रात्री, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, बांगलादेशाच्या किनाऱ्यावर गेलं. आमच्याकडे आभाळ निरभ्र होतं, पणत्या वाऱ्यानेसुद्धा विझल्या नाहीत. त्या दोन घरांच्या धानात मिलवर कणी जास्त निघाली. त्यांनी मला शब्दानेही बोल लावला नाही. मी मात्र ते विसरलेलो नाही.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात वादळ असं वळणं नवलाचं नाही. या दिवसांत उत्तरेकडून वरच्या थरातले पश्चिमी वारे खाली उतरायला लागतात. वादळ त्यांच्या तावडीत सापडलं की ते उत्तरेला, ईशान्येला खेचलं जातं. नाही सापडलं तर आंध्र-ओडिशाकडे येतं. वळणार की नाही हे चार-पाच दिवस आधी खात्रीने कळत नाही.

मग पाहायचं काय? एकाच मॉडेलचे पन्नास जुळे पाहायचे. लॉरेन्झने दाखवलेल्या अडचणीवर हवामानशास्त्रज्ञांनीच हा तोडगा काढला. सुरुवातीच्या आकड्यांत मुद्दाम बारीकसारीक फरक करून तेच गणित अनेकदा चालवतात. युरोपच्या मॉडेलमध्ये असे ५० आणि एक मूळ, मिळून ५१ मार्ग निघतात. नकाशावर ते सुताच्या गुंत्यासारखे दिसतात. सगळी सुतं एका दोरीसारखी जवळजवळ असतील तर भरवसा धरा. फुटलेल्या केरसुणीसारखी पसरलेली असतील तर कुणालाच अजून काही माहीत नाही, हे समजून घ्या. मी सुतं मोजतो. ५१ पैकी ३५ आपल्या शंभर-दीडशे किमीच्या आतून जात असतील, तर "दहातून सात वेळा येईल" असं म्हणतो. उत्तर एवढंच आणि तेही दर सहा-बारा तासांनी बदलू शकतं. लागोपाठ तीन वेळा सुतं एकाच बाजूला सरकत गेली, तर पुढचाही कल बहुधा तिकडेच असतो, हे मला वहीतल्या नोंदींवरून उमगलं.

अंतराचा अंदाज मनात पक्का ठेवायला हवा. अलीकडच्या वर्षांत आपल्या हवामान खात्याचा वादळाच्या मार्गाचा एक दिवस आधीचा अंदाज सरासरी ७५ किमीच्या आसपास चुकतो, तीन दिवस आधीचा दीडशेच्या आसपास. किनाऱ्यावरची माणसं हलवायला हे उत्तम आहे, आणि त्याने हजारो जीव वाचले आहेत. १९९९ मध्ये ओडिशाच्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, २०१३ मध्ये फायलिन वादळाच्या वेळी वेळेवर गावं हलवल्याने मृत्यू फारच कमी झाले. पण ब्रह्मपुरी ते चंद्रपूर अंतरच शंभरेक किमी आहे. एवढ्या फरकात एका तालुक्यात झड आणि दुसऱ्यात ऊन असू शकतं.

हे कोपऱ्याचं गणित पावसाळ्यात तर फारच ठळक असतं. जुलै-ऑगस्टात उपसागरात कमी दाबाची क्षेत्रं आणि डिप्रेशनं एकामागून एक तयार होतात. त्यांची चक्रीवादळं सहसा होत नाहीत, कारण त्या काळात खालचे आणि वरचे वारे जोरात उलटसुलट असतात. पण ती ओडिशातून वायव्येकडे सरकत मध्य भारतात खोलवर येतात. खाली ओली जमीन, पाण्याने भरलेल्या बांधी, शिवाय मोसमी वाऱ्यांतून येणारी वाफ, त्यामुळे ती जमिनीवरही दिवसेंदिवस टिकतात. आणि त्यांचा सगळ्यात जोराचा पाऊस केंद्रावर पडत नाही, केंद्राच्या नैऋत्येला पडतो. पश्चिमेकडून येणारे मोसमी वारे आणि केंद्राला वळसा घालून उत्तरेकडून आलेले वारे याच कोपऱ्यात एकमेकांना भिडतात आणि हवेला वर चढण्यावाचून वाट उरत नाही.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. केंद्र छत्तीसगडच्या उत्तर भागात किंवा जबलपूर-मंडल्याकडे असेल तर त्याच्या नैऋत्येला कोण येतं? गोंदिया, भंडारा, नागपूर, आपण. केंद्र उत्तरेला लांब आहे म्हणून निश्चिंत राहिलात तर फसलात. केंद्र आपल्याला ओलांडून अमरावतीच्या पुढे गेलं की जोर ओसरतो. ऑक्टोबरच्या वादळाला हा नियम तसाच लावू नका. तेव्हा वायव्येकडून कोरडी हवा आत घुसते आणि कोणती बाजू सुकेल ते दर वादळाला वेगळं असतं.

नदीकाठच्यांनी आणखी एक गोष्ट बघायला हवी. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. त्या पावसाच्या मागे असलेल्या कमी दाबाला नाव नव्हतं, टीव्हीवर त्याची चर्चाही नव्हती. वैनगंगा शिवनी जिल्ह्यातून निघते. तिकडचं पाणी खाली आलं, गोसीखुर्द धरणाचे ३३ दरवाजे उघडावे लागले, आणि भंडाऱ्यापासून ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरीपर्यंत काठची गावं पाण्यात गेली. डोक्यावर पाऊस नव्हता आणि अंगणात नदी आली. म्हणून वैनगंगेच्या काठी राहणाऱ्याने स्वतःच्या गावाचा अंदाज बघण्याआधी शिवनी-बालाघाटचा पाऊस बघावा.

हौशी माणसाने हे सगळं करावं का, असं मला कुणी विचारलं की मी पिडिंग्टन यांचं नाव घेतो. "सायक्लोन" हा शब्दच कोलकात्यात राहणाऱ्या या माणसाने १८४० च्या दशकात घडवला, वेटोळं या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. हेन्री पिडिंग्टन मूळचे जहाजावरचे कप्तान. शेकडो जहाजांच्या नोंदवह्या जमवून त्यांनी वादळांचे मार्ग काढले. मातला नदीवर नवं बंदर बांधायचा बेत सरकारने केला, तेव्हा १८५३ मध्ये त्यांनी गव्हर्नर जनरलना पत्र लिहून बजावलं की वादळाची लाट ते बंदर बुडवील. कुणी मनावर घेतलं नाही. १८६७ च्या वादळात ते पोर्ट कॅनिंग उद्ध्वस्त झालं. पिडिंग्टन तेव्हा हयात नव्हते. त्यांच्याकडे उपग्रह नव्हता, संगणक नव्हता. त्यांच्याकडे नोंदी होत्या.

नोंदीची सुरुवात बाटलीने करा. सरळ अंगाची प्लास्टिकची बाटली वरून कापा, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा तोंडात बसवा. तळ खोलगट असतो म्हणून त्यात बारीक खडे आणि पाणी टाकून सपाट पातळी करा आणि तिथे शून्याची रेघ मारा. त्यावर मोजपट्टी चिकटवली की झालं पर्जन्यमापक. झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवा. रोज सकाळी साडेआठला मोजा, कारण हवामान खात्याचा चोवीस तासांचा दिवस साडेआठलाच पुरा होतो, मग दोन्ही आकडे ताडून बघता येतात. बाटलीतला १ मिमी म्हणजे एकरभर शेतात चार हजार लिटर पाणी. खातं ६४.५ मिमीपासून पुढे "जोरदार" म्हणतं, ११५.६ पासून "अतिजोरदार". कडपांचं वाटोळं व्हायला त्याच्या निम्माही पुरतो, म्हणून यलो अलर्ट दिसला तरी कडपावाल्याने तो ऑरेंजसारखाच मानावा.

वहीत दोन रकाने ठेवा. आदल्या संध्याकाळी आपण काय म्हटलं होतं ते एकात, दुसऱ्या सकाळी बाटलीत काय निघालं ते दुसऱ्यात. आधीचं खोडायचं नाही. "दहातून सात" असं आपण ज्या दिवशी म्हटलं, त्या सगळ्या दिवसांतून खरंच दहातून सात वेळा पाऊस आला का, हे हंगामाच्या शेवटी मोजा. पाचच वेळा आला असेल तर आपण भीती वाढवून सांगतो. नऊ वेळा आला असेल तर कचरतो. बुलढाण्यात भेंडवळच्या घटमांडणीला, म्हणजे पीक-पावसाच्या पारंपरिक भाकिताला, अक्षय्य तृतीयेच्या वेळी अख्खा विदर्भ कान लावतो, माझे वडीलही लावत. ती परंपरा वर्षाचं बोलते. आपल्याला उद्या-परवाचं बोलायचं आहे, आणि ते रोज पडताळता येतं.

आणि इशारा देण्याचं काम आपलं नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ च्या ५४ व्या कलमात आपत्तीचा खोटा इशारा पसरवून घबराट माजवणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड सांगितला आहे. पण शिक्षेच्या भीतीपेक्षा ते दोन घरांचे कणीचे तांदूळ मला जास्त आवरतात. नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा आधी सांगायचा, मग आपण काय पाहिलं ते सांगायचं, आणि किती खात्री आहे तेही. वीज कडाडायला लागली की विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप उघडायचं आणि बांधीतून बाहेर यायचं, तेव्हा मॉडेल बघत बसायचं नाही.

मागच्या वेळी शेजारचे काका दारात आले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. वादळ त्या दिवशी पहाटे आंध्रच्या किनाऱ्यावर उतरलं होतं. वारा दिवसभर ईशान्येकडून होता आणि चारच्या दाबाचा आकडा कालच्या चारपेक्षा तीनने खाली. सुतं एका दोरीत होती, तेलंगणातून वर येणारी. ढग केंद्राच्या पुढे पसरलेले. जिल्ह्याला यलो.

"काका, खात्याने यलो दिला आहे. माझ्या हिशेबाने दहातून आठ वेळा पाणी येते. उद्या दुपारनंतर. नाही आलं तर भारे बांधायची मजुरी दोन दिवस आधी गेली एवढंच."

"आन् कडपा अजून वल्ल्या आहेत, त्याचं काय जी?"

हा प्रश्न मॉडेलमध्ये नसतो. ओला धान पुंजण्यात दाबला तर आतून तापतो. त्यांनीच मार्ग काढला. वाळलेल्या वरच्या बांध्यांतले भारे पुंजण्यात, खालच्या बांध्यांतल्या ओल्या कडपा उचलून धुऱ्यावर (बांधावर) उभ्या टेकवून ठेवायच्या, म्हणजे निदान पाण्यात राहणार नाहीत. रात्री दहापर्यंत टॉर्चच्या उजेडात आम्ही सहाजण लागलो होतो. सकाळी उरलेलं.

पाणी दुपारी नाही, संध्याकाळी साडेसातला सुरू झालं. पुढच्या सकाळी बाटलीत ३८ मिमी. वहीत पहिल्या रकान्यात "दहातून आठ, दुपारनंतर", दुसऱ्यात "आला, ३८, वेळ पाच तास चुकली" असं लिहिलं, आणि वारा आता कुठून आहे ते बघायला पटांगणात गेलो.